नकोशीचं तिसरं वर्ष

मानसिंग सर कधी ओरडले नाहीत. इंदापूरच्या आमच्या कॉलेजात ते सहा वर्षं खेळाचे शिक्षक होते. मुलींचा बास्केटबॉलचा संघ त्यांनीच उभा केला, पण मैदानावर त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. मुलींना ते नावानं हाक मारत नसत, पाठीवरच्या नंबरानं बोलवत. "चार नंबर, दहा फेऱ्या." एवढंच. चार नंबरची मुलगी रडत रडत दहा फेऱ्या मारायची आणि सर तोवर दुसरीकडे बघत राहायचे.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. मुलींचा संघ बाहेरगावी न्यायचा तर सोबत एक बाईमाणूस लागे. बाकीच्या प्राध्यापिकांना घरदार होतं, लहान मुलं होती. मी एकटी. म्हणून लेडी मॅनेजर म्हणून दरवर्षी माझंच नाव जाई. खेळातलं मला काही कळत नव्हतं. पिशव्या सांभाळायच्या, लिंबाचं पाणी करायचं, प्रवेशिकेवर सही करायची, ही माझी कामं. आता पंचाहत्तरी उलटली, पण ते मैदान अजून डोळ्यांसमोर आहे. तांबडा मुरूम, त्यावर फक्कीनं आखलेल्या रेघा आणि बाजारातल्या वेल्डरनं करून दिलेले पत्र्याचे बोर्ड. चेंडू बोर्डावर आपटला की ठण्णकन आवाज व्हायचा, तो मला वाचनालयात ऐकू यायचा. नकोशीच्या चेंडूचा आवाज यायचा नाही. तिचा चेंडू बोर्डाला न लागता सरळ कड्यातून खाली पडायचा.

नकोशी सणसरच्या जोतीरामची चौथी मुलगी. त्यांच्या घरात बापजाद्यांपासून मेंढरं होती. जोतीरामनं ती विकून ऊस केला होता. १९९४च्या जूनमध्ये ती पहिल्या वर्षाला आली. वाचनालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला मला स्टूल लागायचं. तिनं नुसता हात वर केला आणि पुस्तक काढलं. सर तेव्हा माझ्या टेबलाशी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी घालून ठेवलं.

"ही कुणाची मुलगी, द्वारकाबाई?"

आठ दिवसांनी आम्ही दोघं तिच्या वस्तीवर गेलो. जोतीराम अंगणात दोर वळत बसला होता. सरांनी सगळं नीट समजावलं. तिसऱ्या वर्षी मुलगी विद्यापीठाच्या संघात गेली की तसं प्रमाणपत्र मिळतं, आणि ते असलं की पोलिसांत खेळाडूंच्या जागा असतात.

"पोरगी चड्डी घालून खेळणार व्हय?" जोतीरामनं विचारलं.

"पूर्ण पँट घालेल, आबा. मी लक्ष ठेवीन."

"आन लगीन?" नकोशीची आई ठमाबाई दारातून म्हणाली. "एवढी उंच हाय. आत्ताच नवरा गावना. तीन वर्सांनी कोण करील?"

"तीन वर्षांनी ती फौजदारीण असेल, मावशी. मुलं रांगेत उभी राहतील."

ठमाबाई तोंडाला पदर लावून हसली. जोतीराम हसला नाही. तो आत गेला आणि देवापुढची भंडाऱ्याची डबी घेऊन आला. त्यांच्यात हळदीचा तो भंडारा हातात घेऊन शब्द दिला की कोर्टकचेरीची गरज राहत नाही.

"सर, भंडारा उचला. तीन वर्सं पोरगी तुमच्या हाताखाली खेळंल, दुसऱ्या कुणाच्या न्हाय. तीन वर्सं मी तिच्या लग्नाचं नाव काढणार न्हाय. बाई, तुमी ऐकताय न्हवं? तुमी साक्षीला."

सरांनी चिमूट उचलली, कपाळाला लावली. चहाच्या कपातली साखर ढवळावी इतक्या सहज.

दोन वर्षं सरांनी तिला घडवली, हे खोटं म्हणता येणार नाही. ती पहाटेच्या गाडीनं यायची. सर तिला पाठीमागून चेंडू फेकून मारायचे. तिनं वळून तो झेलला तर ठीक, नाहीतर पाठीवर बसायचा. पहिल्या महिन्यात तिची पाठ काळीनिळी झाली होती. मी तेल लावून द्यायचे, तेव्हा ती म्हणायची, "बाई, म्हशीलाबी कुणी असं मारत न्हाय. पर आता पाठीला डोळं फुटल्यात माझ्या." आणि हसायची.

दुसऱ्या वर्षी शिरूरच्या सामन्यात ती पडली आणि डावा गुडघा फिरला. सरांनी क्रेप बँडेज आणलं, मी बांधलं.

"घरी बोलायचं नाही," सर म्हणाले. "बाप बसवून ठेवील. डावीकडं वळायचंच नाही. सगळं उजवीकडून कर, कुणाला कळणार नाही."

आणि खरंच कुणाला कळलं नाही. त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्याच्या ग्रामीण विभागात अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तीन गुणांनी हरला. विद्यापीठाच्या संघासाठी मुली निवडायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या सरांना म्हणाल्या, "तुमची नऊ नंबर पुढच्या वर्षी मला हवी." नऊ नंबर म्हणजे नकोशी. सणसरपर्यंतच्या वाटेत तिनं एसटीच्या खिडकीवर बोटानं नऊ नऊ नऊ असं किती वेळा काढलं कोण जाणे.

१९९६च्या जूनमध्ये सर वाचनालयात आले आणि खुर्ची ओढून बसले.

"मी बारामतीला जातोय, द्वारकाबाई."

बारामतीच्या त्या कॉलेजाचं नाव इथं लिहीत नाही. सिमेंटचं मैदान होतं, रात्री खेळायला दिवे होते, खेळाडू मुलींना वसतिगृह होतं आणि सांगली-कोल्हापुराकडून आणलेल्या मुली होत्या. आमच्याकडे एक चेंडू पंक्चर झाला की दुसरा येईपर्यंत सराव बंद असायचा. ते गेले यात मला वावगं वाटलं नाही. मीही गेले असते.

"आपल्या मुलींचं?"

"सोपान सर बघतील."

सोपान सर भूगोल शिकवायचे. एका बाजूला किती मुली खेळतात हे त्यांनी मलाच विचारलं होतं.

"आणि हो," सर उठता उठता म्हणाले, "तिथं ग्रंथपालाची जागा निघतेय पुढच्या साली. कायम. तुम्ही इथं अजून मानधनावरच ना? मी शब्द टाकीन."

निरोप समारंभात शाल-नारळ झाला. प्राचार्य बोलले, सुप्रियानं, म्हणजे संघाच्या कॅप्टननं, भाषण पाठ केलं होतं, ते मध्येच विसरली. सर व्यासपीठावरून उतरून निघाले तेव्हा नकोशी आडवी आली.

"सर, माझं कसं?"

"रविवारी तुझ्या घरी येतो."

तो आठवडा मला चांगला आठवतो. तिनं सगळ्या कॉलेजला सांगितलं की सर तिला बारामतीला नेणार. लोखंडी कपाटावर हात टेकून मला म्हणाली, "बाई, आता वरच्या फळीवरची पुस्तकं कोण काढून देणार तुमाला? करमायचं न्हाय माझ्याबिगर." मीही तसंच धरून चालले होते. बारामती सणसरहून इंदापूरपेक्षा जवळ. अडचण कसली होती?

रविवारी सरांनी मलाही सोबत घेतलं. नकोशीनं अंगण सारवलं होतं. सर खाटेवर बसले, पावसाचं बोलले, उसाच्या लागणीचं बोलले. मग हात जोडून म्हणाले, "आबा, मी तुमचा गुन्हेगार आहे. भंडारा उचलला आणि मध्येच चाललो."

जोतीराम हसला. "त्यात काय, सर! बारामती काय लांब हाय? येती की पोरगी तुमच्यासंगं. शब्द कुठं मोडतोय?"

नकोशी चहाचं ताट घेऊन दारात आली होती. तिला हसू आवरत नव्हतं.

सरांनी मान खाली घातली. "तिथं तिला घेता येणार नाही, आबा."

"का? कमी पडली व्हय?"

"तिचा डावा गुडघा गेलाय. वर्ष झालं. तुम्हाला सांगितलं नाही ही माझी चूक. पण मोठ्या कॉलेजात डॉक्टर तपासून घेतात. ती पास व्हायची नाही."

जोतीरामनं आधी सरांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "कसला गुडघा? चालून दाव."

ती ताट घेऊनच अंगणातून चालली. सरळ चालली.

"चालती की नीट."

"चालेल," सर म्हणाले. "वळताना दुखतं."

"वळून दाव."

ती वळली. सुरेख वळली. ताटातला चहा हललासुद्धा नाही.

"डावीकडं," सर हळूच म्हणाले.

नकोशीनं सरांकडे पाहिलं. हेच सर तिला वर्षभर डावीकडं वळू नको म्हणत आले होते. मग ती डावीकडं वळली. गुडघा आत मुडपला, ताट कललं, एक कप खाली पडून फुटला.

"आता हिला कोण करणार?" ठमाबाई भिंतीला टेकून म्हणाली. "आदी उंच, आता लंगडी."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, इंदापूरला सोपान सर आहेत. तिसरं वर्ष ती तिथं खेळेल. अजूनही तिच्याइतकं चांगलं कुणी खेळत नाही. पुण्याच्या बाईंनी तिला या वर्षी बघायला मागितलंय. हे एकच वर्ष आहे तिच्या हातात."

जोतीरामच्या चेहऱ्यावर ते पटलेलं दिसलं. त्यानं सरांकडे पाहिलं.

"खेळू दे की," सर म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही. फक्त भंडारा माझ्या हातानं उचललाय. शब्द काय होता तेवढा तुम्ही आठवा. उद्या काही वाईट झालं तर माझ्या माथी नको."

जोतीरामनं मग मला विचारलं. "बाई, तुमी साक्षीला हुतात. तुमचं ध्यान चांगलं. शब्द कसा हुता?"

माझं ध्यान खरंच चांगलं होतं. कोणतं पुस्तक कुणाकडे आहे हे मी नोंदवही न उघडता सांगायचे, प्राचार्य पाहुण्यांपुढे त्याचं कौतुक करायचे. मी दोन वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तीन वर्षं पोरगी तुमच्या हाताखाली खेळेल, दुसऱ्या कुणाच्या नाही.

"मग झालं," जोतीराम म्हणाला. "खेळ बंद. शिकायचं तेवढं शिकू दे. लग्नाचं तीन वर्सं काढणार न्हाय म्हणालोय, त्यो माझा शब्द मी पाळीन." आणि सरांचे हात धरून म्हणाला, "दुसरा असता तर गुपचूप निघून गेला असता. तुमी घरी येऊन सांगितलंत. माणूस हाय तुमी."

नकोशी खाली बसून कपाचे तुकडे वेचत होती. तिनं मान वर केली नाही.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो तेव्हा मी सरांना म्हटलं, "एक वर्ष खेळली असती, सर."

"खेळली असती," ते म्हणाले. "डिसेंबरात आमच्यासमोर उभी राहिली असती. माझा एकेक डाव तिला पाठ आहे, द्वारकाबाई. नव्या मुलींना तिच्यासमोर कशाला उभं करायचं?" लांबून गाडी दिसली तसा त्यांनी हात केला. "तुमचा अर्ज मात्र वेळेवर पाठवा."

मी अर्ज पाठवला.

नकोशी कॉलेजला येत राहिली. मैदानावर जायची नाही, वाचनालयात खिडकीजवळ बसायची. बाहेर ठण्णकन आवाज झाला की पान न उलटता म्हणायची, "सुप्रिया. ढोपर वाकवत न्हाय." एकदा सोपान सर पुस्तकात बघून मुलींना डाव शिकवत होते, पुस्तक त्यांनी उलट्या बाजूनं धरलेलं. ती इतकी हसली की मला दार लावून घ्यावं लागलं. हसता हसता रडली. मी नोंदवहीत डोकं घालून बसले.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाला खेळाडूंची नावं कळवायची होती. सोपान सरांनी मागच्या वर्षीची यादी उतरवून माझ्याकडे टाइपाला दिली. नकोशीचं नाव तिच्यात तसंच होतं. मी ते टाइप केलं आणि सही केली. काही ठरवून केलं असं नाही. नाव खोडायला हात गेला नाही, इतकंच.

अंतिम सामना डिसेंबरात आमच्याच मैदानावर झाला. त्या वर्षी विभागात चारच संघ होते. एक आलाच नाही, एकाला आमच्या मुलींनी कसंबसं हरवलं, आणि आम्ही अंतिम सामन्यात आलो. समोर मानसिंग सरांचा बारामतीचा संघ. सोळा मुली, सगळ्यांचे बूट सारखे. आमच्या पाच, आणि त्यातली एक ताप आलेली.

नकोशी माझ्याजवळ आली. पंजाबी ड्रेसच्या आत नऊ नंबरचा बनियन घातलेला होता.

"बाई, यादीत नाव हाय न्हवं माझं? तुमी टाइप करताना बघितलंय म्या."

"आबांना कळलं तर?"

"आबा कारखान्यावर ऊस घालाय गेल्यात, सांजच्याला येत्यात. त्या पुण्याच्या बाई आल्यात बगा, चष्मेवाल्या. एवढी एकच म्याच, बाई."

मी मान हलवली.

पहिल्या अर्ध्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मला खेळ कळत नाही. पण बारामतीच्या मुलींनी चेंडू जिथं जिथं टाकला तिथं तिथं नकोशी आधीच उभी असायची. त्यांना वेडं व्हायची पाळी आली. त्यांची सात नंबर चिडून म्हणाली, "ही काय आमच्या बरोबर राहते का?" सुप्रिया ओरडली, "तुमच्या आदीपास्नं राहत्या!" मध्यंतराला आमचे एकतीस होते, त्यांचे चोवीस. चष्म्याच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. नकोशी पाणी प्यायला आली. ती म्हणाली, "लिवलं का त्यांनी? माझाच नंबर लिवला न्हवं?"

मैदानापलीकडे मानसिंग सर खुर्चीवरून उठून चष्म्याच्या बाईंपाशी गेले होते. दोन मिनिटं काही बोलले. मग आपल्या मुलींकडे आले, डावा हात खांद्याइतका वर केला आणि तळहात फिरवून दाखवला. तेवढंच. परत जाऊन बसले.

दुसऱ्या अर्ध्यात त्या मुलींनी तिची उजवी बाजू बंद केली. दोघी तिकडे भिंतीसारख्या उभ्या राहायच्या आणि डावी बाजू मोकळी सोडायच्या, ये म्हणून. पहिल्यांदा ती थांबली आणि चेंडू दुसरीला दिला. दुसऱ्यांदा ती डावीकडं वळली आणि पडली. उठली. पुन्हा तसंच. प्रेक्षकांतली आमची मुलं आधी ओरडत होती, मग गप्प झाली. एकानं "लंगडी घाल, लंगडी!" म्हटलं आणि बाकीची हसली. सोपान सर माझ्याकडे वळले, "बाई, काढू का हिला बाहेर?" मी नकोशीकडे पाहिलं. तिनं लांबूनच मान हलवली, नाही म्हणून.

सहाव्यांदा ती पडली आणि उठता आलं नाही. ताप आलेली मुलगी खेळायला गेली. मानसिंग सरांनी खेळ जराही मंदावू दिला नाही. गुणांत पुढे गेल्यावरही त्यांच्या मुली आमच्या मुलींच्या अंगावर धावत राहिल्या, कारण चष्म्याच्या बाई अजून लिहीत होत्या. आम्ही एकोणीस गुणांनी हरलो.

मी बाईंना गाठलं. त्या वही मिटत होत्या. चार नावं होती, चारही बारामतीची.

"तुमची नऊ नंबर छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण गुडघा कामातून गेलाय. मानसिंग सरांनी मध्यंतरातच सांगितलं. त्यांनाच फार वाईट वाटत होतं."

नकोशी बोर्डाच्या खांबाला टेकून बसली होती. गुडघा फुगून भोपळ्यासारखा झाला होता. तिनं मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. एसटीत चढणं तिला शक्य नव्हतं. तेवढ्यात मानसिंग सर आले.

"आमच्या मिनीबसमधून सोडतो. सणसर वाटेतच आहे."

मुलीला सोबत म्हणून मीही बसले. बारामतीच्या मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या. करंडक एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरत होता. निमगाव केतकीच्या पुढे कुणीतरी तो नकोशीच्या मांडीवर ठेवला, त्यांना वाटलं तिला बरं वाटेल. तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

सणसरच्या फाट्यावर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर जोतीराम बसला होता. कारखान्यावरून येऊन तो रोज तिथंच बसायचा. मिनीबस थांबली. आधी सर उतरले, मग त्यांच्या हाताला धरून नकोशी, हातात करंडक तसाच.

जोतीराम उभा राहिला. त्यानं गाडीवरचं बारामतीच्या कॉलेजाचं नाव पाहिलं, करंडक पाहिला, सरांचा हात पाहिला.

"सर! घेतलं व्हय पोरीला?"

गाडीतल्या मुली खिडकीतून बघत होत्या.

"गुडघा गेलाय म्हणालात, तरी घेतलं! माघारी येऊन घेतलं!" त्यानं कमरेच्या पिशवीतून भंडारा काढला, सरांच्या कपाळाला मळवट भरला, करंडकाला लावला, मग खाली वाकून सरांच्या पायाला हात लावला. बापाच्या वयाचा माणूस. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी करंडकाकडे पाहिलं.

"व्हय, आबा," नकोशी म्हणाली. ती एका पायावर उभी होती. "घेतलं मला सरांनी."

"जपून राहा," सर म्हणाले. त्यांनी करंडक तिच्या हातातून काढून घेतला आणि गाडीत चढले. गाडी वळणापलीकडे गेली तरी जोतीराम हात हलवत होता. मग मला म्हणाला, "बाई, तुमी मोडता घातलात बगा. तुमच्या सांगण्यावर म्या पोरीला सा म्हैनं बसवली. आन ह्यो माणूस शब्दाला जागला."

त्यानंतर नकोशी इंदापूरला आली नाही. मला वाटलं, गुडघा.

फेब्रुवारीत बारामतीच्या कॉलेजातून मला मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरले तर शेवटच्या फलाटाच्या बाकावर ती बसलेली. मांडीवर खेळाची पिशवी, शेजारी जेवणाचा डबा.

"इथं काय करतेस?"

"सराव," ती म्हणाली. "बसायचा सराव. बसा, बाई."

मी बसले. तिनं जागा करून दिली, डावा पाय सरळ ठेवूनच.

"गुडघ्याची सूज उतरली तसं आबांनी सवताहून बारामतीच्या गाडीत बसवलं. काय सांगणार? तवापास्नं रोज येती. सांजच्या गाडीनं जाती. रविवारी सरांकडं सुट्टी असती." ती हसली. "आबा रोज इचारत्यात, आज काय शिकवलं. काल म्या पाच बास्केट केल्या. परवा सरांनी शाबासकी दिली."

"अगं, पुढच्या गावात उतरून इंदापूरची गाडी धरायची. वर्ग तरी बुडाले नसते."

"ती गाडी आमच्याच फाट्यावरनं जाती, बाई. आबा मोरीवर असत्यात न्हायतर गावातलं कुणीतरी."

"परीक्षा?"

"फॉर्मच भरला न्हाय."

समोर एक गाडी लागली, लोक धावले, पुन्हा फलाट मोकळा झाला. मी विचारलं, "सरांना माहीत आहे?"

"दोनदा दिसलं. एकदा म्हणालं, नऊ नंबर, उन्हात बसू नको."

"मी येऊन आबांशी बोलते."

"नको," ती पटकन म्हणाली. "तुमी हुतं तसं सांगाल. आबा गावभर सांगत फिरत्यात, सरांनी शब्द पाळला म्हणून. मार्च काय लांब न्हाय. तीन वर्सं भरली की लगीन काढत्याल. तवर बसती." मग माझी इस्त्रीची साडी आणि हातातली फाइल बघून तिनं विचारलं, "तुमी कुठं निघालात?"

मी सांगितलं.

"सरांच्या कॉलेजात? चांगलं झालं की. रिक्षा करू नका, बाई. ह्या रस्त्यानं सरळ गेलं की धा मिन्टं लागत्यात. म्या पैल्या दिशी जाऊन आले. तारेच्या कुंपणातनं मैदान दिसतं समदं."

मुलाखत अकराला होती. स्टँडवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. मी उठले आणि तिनं सांगितलेल्या रस्त्यानं गेले. मुलाखतीत मला फारसं काही विचारलं नाही. मानसिंग सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.